सहलप्रमुखांना खुलं पत्र : यंदा पोरांना गाविलगडाची पाठ दाखवा

परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, चांदूर बाजार, दर्यापूर या भागातल्या सगळ्या शाळांचे सहलप्रमुख गुरुजी आणि मॅडम यांना,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की तुमच्या टेबलावर सहलीची फाईल येते. आगारात अर्ज, पालकांची संमतीपत्रं, वरची परवानगी, मुलींसोबत कोणत्या मॅडम जाणार, गाडी लागणारी पोरं किती. एवढं उरकताना ठिकाणाचा विचार करायला कोणाला उसंत मिळते? मग गेल्या वर्षीचाच कागद पुढे सरकतो. शेगाव, वेरूळ, दौलताबाद, शिर्डी, जमलंच तर येताना शनिशिंगणापूर. रात्री दीडला बस निघते. वेरूळला पोचेस्तोवर अर्धी पोरं ओकून दमलेली, उरलेली झोपलेली. माझा नातू तीन वर्षांपूर्वी असाच जाऊन आला. कैलास लेणं कसं वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आबाजी, तिथं माकडं लय होती."

पोरगं खरंच सांगत होतं. रात्रभर जागून आलेल्या लेकराला माकडंच दिसणार.

यंदा दूर जाऊ नका, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जा, एवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. तुम्ही हसाल. चिखलदरा म्हणजे आपलं परसदार, तिथं काय सहल न्यायची? पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे फिरवून आणतोच. भीमकुंड, देवी पॉइंट, खव्याची जिलेबी, भाजलेलं कणीस, आणि वेळ उरला तर गड. मीही आयुष्यभर तेच केलं. माझं वय आता त्रेसष्ट. सातवीत असताना शाळेसोबत पहिल्यांदा गडावर गेलो. गुरुजींनी कीचकाची गोष्ट फार रंगवून सांगितली: भीमानं त्याला मारला, दरीत टाकला, म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. ती गोष्ट मला अजून तोंडपाठ आहे. गडावर पोचलो तेव्हा मात्र गुरुजी म्हणाले, "हा किल्ला लय जुना आहे," आणि लगेच, "चाला रे पोट्टेहो, बस सुटते." त्यानंतर वऱ्हाडी मंडळी घेऊन गेलो, जावयाला घेऊन गेलो, नातवाला घेऊन गेलो. दर वेळी मीही पाहुण्यांना तेच सांगितलं, किल्ला लय जुना आहे.

या गडावर नेमकं काय झालं, ते मला समजलं समुद्राकाठच्या एका रानात. आपल्या इथून सात समुद्रांपलीकडे.

माझी मुलगी कॅनडात हॅलिफॅक्स नावाच्या गावी दवाखान्यात नोकरीला आहे. बाळंतपणासाठी तिची आई गेली, मागाहून मी गेलो. मृग बहाराचा ताण तोडून, पाणी सोडून, बाग भावाच्या हवाली केली आणि निघालो. तिथं सकाळी करायचं काय? गुरं नाहीत, ओलित नाही. मुलगी कामावर जाताना मला एका बागेच्या फाटकाशी सोडायची. पॉइंट प्लेझंट पार्क तिचं नाव. बाग म्हटलं की आपल्याला कारंजं आणि घसरगुंडी दिसते. ही तर रान आहे, शहराच्या दक्षिण टोकाला समुद्रात घुसलेलं. साधारण ७५ हेक्टर, म्हणजे एकशे पंच्याऐंशी एकर. स्प्रूस आणि पाइनची झाडं, त्यांच्यामधून खडीच्या पायवाटा, आणि कुठल्याही वाटेनं गेलं तरी शेवटी समुद्र. एका अंगाला बंदर आहे. तिथल्या क्रेनी इतक्या उंच की आमच्या गावची पाण्याची टाकी त्यांच्याखाली मावेल.

तिथल्या स्वच्छतेचं कौतुक मी करणार नाही. परदेशात जाऊन आलेल्या माणसाकडून ते ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. दोन गोष्टी मात्र सांगतो, कारण त्या शेतकऱ्याच्या ध्यानात राहणाऱ्या आहेत.

पहिली भाड्याची. ही जागा मुळात इंग्रज लष्कराची. १८६६ साली ती गावाला बाग म्हणून दिली. करार ९९९ वर्षांचा, आणि भाडं वर्षाला एक शिलिंग. आमच्याकडे मक्त्यानं वावर द्यायचं म्हटलं तर अकरा महिन्यांच्या कागदावर दोन सख्खे भाऊ भांडतात. मी मुलीला दोनदा विचारलं, नऊशे नव्याण्णवच ना? तिनं पाटीवर बोट ठेवून दाखवलं.

दुसरी गोष्ट वादळाची. २००३ च्या सप्टेंबरात, २९ तारखेच्या मध्यरात्री, हुआन नावाचं चक्रीवादळ आलं आणि एका रात्रीत या रानातली सुमारे ७५ हजार झाडं पडली. चारांतलं एक झाड उभं राहिलं असेल नसेल. पुढच्या जूनपर्यंत फाटक बंद होतं. डिंक्या रोगानं माझी चारशे संत्र्याची झाडं गेली तेव्हा मी आठ दिवस बागेकडे फिरकलो नव्हतो, म्हणून ते वाचून पोटात कालवलं. आता तिथं नवी झाडं पुरुषभर, दोन पुरुष उंच झाली आहेत. त्यांच्यामधून जुनी खोडं डोकावतात, कापलेली, शेवाळलेली. एका खोडावर बसून मी रोज डबा खायचो.

त्या रानात जागोजाग तोफांचे जुने मोर्चे आहेत. दगडी भिंती, खंदक, मातीचे बांध, त्यावर गवत. फोर्ट ओगिल्वी, केंब्रिज बॅटरी अशी त्यांची नावं. आणि मधोमध, झाडांच्या आत, एक गोल बुरूज. बसका, दगडी, आपल्या धान्याच्या कणगीसारखा. प्रिन्स ऑफ वेल्स टॉवर म्हणतात त्याला. १७९६ ते १७९९ या काळात बांधला. बांधून घेणारा राजपुत्र एडवर्ड, म्हणजे पुढे झालेल्या व्हिक्टोरिया राणीचा बाप. तेव्हा फ्रेंचांशी लढाई चालू होती आणि ते समुद्रातून येतील ही धास्ती.

सप्टेंबरातल्या एका सकाळी त्या बुरुजापाशी एक वर्ग आलेला होता. वीसेक पोरं असतील, आपल्या चौथी-पाचवीच्या वयाची. त्या दिवशी मुलीला सुटी होती, म्हणून ती सोबत होती. बाईंचं बोलणं ती मला सांगत होती. त्या बाईंनी पोरांना बुरुजाच्या पायाशी बसवलं आणि एकच प्रश्न विचारला: तुम्ही शत्रू असता तर कुठून आला असता?

सगळ्या पोरांनी समुद्राकडे हात केले. मीही मनात समुद्राकडेच केला.

बाई म्हणाल्या, समुद्राकडे तर तोफा आहेत. त्यांच्या तोंडावर कोण येईल? मग एक लहानशी मुलगी उठली. तिच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. ती गोल फिरली आणि तिनं बुरुजाच्या मागे, झाडीकडे, जमिनीच्या बाजूला बोट केलं. बाईंनी टाळी वाजवली. तेवढ्यासाठीच तो बुरूज बांधला होता. काठावरच्या तोफा सगळ्या समुद्राकडे तोंड करून. शत्रू दुसरीकडे कुठं उतरून मागून चालत आला तर त्या कुचकामी. म्हणून त्यांची पाठ राखायला हा बुरूज. मग बाईंनी पिशवीतून दोरी काढली, दोन पोरांना दाराच्या उंबऱ्यात भिंतीची जाडी मोजायला लावली. दोरीवर गाठ मारली, ती दोरी गवतावर पसरली आणि एका पोराला तिच्याशेजारी आडवं निजवलं. भिंत त्याच्याहून कितीतरी लांब निघाली. पोरं खिदळली. पुढची दहा मिनिटं जो तो दोरीशेजारी निजून पाहत होता.

त्या बुरुजावर कधी कोणी चालून आलं नाही. फ्रेंच आलेच नाहीत. न झालेल्या लढाईचा बुरूज, पण तिथून निघालेल्या एकाही पोरानं घरी जाऊन 'माकडं होती' असं सांगितलं नसेल.

मी १७९९ या आकड्यापाशी अडकलो. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? मुलीला म्हटलं, तुझ्या मोबाइलवर गाविलगड काढ. त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं मला एक जुना अहवाल वाचून दाखवला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं, गड पडल्यावर, आपल्या वरिष्ठांना पाठवलेला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. त्याच्याही आधी बारा वर्षं हा माणूस आपल्या अचलपुरात मुक्कामाला होता, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

आता गडाची गोष्ट सांगतो. तुम्हाला माहीत असेल तर माफ करा, पण पोरांना सांगायची म्हणून पुन्हा एकदा वाचा.

१८०३ साल. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे एका बाजूला, इंग्रज आणि निजाम दुसऱ्या बाजूला. २३ सप्टेंबरला असईला मोठी लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आपल्या तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला भोसल्यांची फौज मोडली. तिथून निसटलेलं पायदळ गाविलगडात शिरलं. गडावर किल्लेदार बेनीसिंग, त्याचे राजपूत, आणि ही आलेली शिबंदी.

वेलस्लीनं गड नीट पाहून ठेवला. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या सपाटीकडून पाहिलं तर गड म्हणजे आभाळाला टेकलेली कातळाची भिंत. त्या बाजूची वाट लांब, उभी, एकेका माणसानं चढायची. पश्चिमेकडून जाणारी वाट अरुंद आणि सगळी गडावरच्या माऱ्याखाली. पण उत्तरेला, लबाडा नावाच्या गावाकडून, जमीन गडाच्या बरोबरीची. सपाट. त्या अंगानं आतल्या-बाहेरच्या कोटांखेरीज तिसरी भिंत घातलेली होती, कारण बांधणाऱ्यालाही गडाची दुखरी पाठ ठाऊक होती. अडचण एकच: लबाड्यापर्यंत तोफा न्यायच्या कशा? अचलपुराहून डोंगरातून तीस मैलांची वाट, आणि वाट म्हणावी अशी वाट नाही.

७ डिसेंबरला इंग्रजांच्या दोन्ही फौजा, एक वेलस्लीची आणि एक कर्नल स्टीव्हन्सनची, अचलपूरहून निघाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या तोंडाशी जाऊन बसला, गडकऱ्यांचं लक्ष तिकडे राहावं म्हणून. स्टीव्हन्सन मेळघाटात शिरला. पाच दिवस त्याची माणसं पुढे झाडं तोडत, दगड फोडत रस्ता करत होती आणि मागून तोफा ओढत होती. बैलांनी नव्हे, बहुतेक वाट हातांनी. लोखंडी अठरा पौंडी तोफ म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन. कापसानं भरलेल्या दोन बैलबंड्यांचं ओझं एका नळीत, आणि ती नाल्यात उतरवायची, पुन्हा वर चढवायची. अशी मेहनत आपण यापूर्वी कधी पाहिली नाही, असं वेलस्लीनंच लिहून ठेवलं आहे.

१२ तारखेच्या रात्री लबाड्याकडे मोर्चे बांधले. १३ ला सकाळी तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या भिंतींना माणसं शिरतील एवढी भगदाडं पडली. १५ ला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. बाहेरचा कोट लवकर गेला. पण आतला कोट अजून शाबूत, मध्ये दरी, आणि दरवाज्यांपाशी कोंडी. त्या कोंडीत फार माणसं मेली. तेवढ्यात ९४ व्या पलटणीतला कॅप्टन कॅम्पबेल आपली हलकी तुकडी घेऊन एका जागी शिड्या लावून आतल्या भिंतीवर चढला, उतरला आणि आतून दरवाजा उघडला. मग जे झालं ते पोरांना जपून सांगा. बेनीसिंग दरवाज्यापाशी, प्रेतांच्या राशीत, मेलेला सापडला. तो पळाला नाही.

ती ९४ वी पलटण स्कॉटलंडची. मी ज्या प्रांतात बसून हे ऐकत होतो त्याचं नाव नोव्हा स्कोशिया, म्हणजे नवं स्कॉटलंड. त्या बागेत एका ठिकाणी हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप आहे. स्कॉटिश शिपायांच्या गाद्यांमधल्या भरणातून त्याचं बी सांडलं, असं तिथं सांगतात. शिपाई जिथं जातो तिथं काही ना काही सांडून येतो. गाविलगडावर त्यांनी काय सांडलं असेल, हा विचार मी बरेच दिवस करत होतो.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, आपल्या देवगावात भोसल्यांनी तह केला. त्यात ओडिशातलं कटक इंग्रजांकडे गेलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. ३० डिसेंबरला शिंद्यांनी तह केला तो सुर्जी-अंजनगावला. दिल्ली, आग्रा शिंद्यांच्या हातून गेलं ते या कागदावर. अंजनगाव म्हटलं की आपल्याला पानमळे आणि पानपिंपळी आठवते. अंजनगावच्या शाळांना माझी वेगळी विनंती आहे: तुमच्या पोरांना निदान एकदा तरी सांगा की हिंदुस्थानच्या नकाशातली मोठी रेघ त्यांच्या गावात ओढली गेली.

काही गुरुजी म्हणतील, ही तर हरल्याची गोष्ट. पोरांना जिंकल्याचे गड दाखवावेत, छाती फुगेल असे. मला हे पटत नाही, आणि पटत नसण्याचं कारण आमच्या धंद्यातलं आहे. ज्या बागेचं पीक चांगलं आलं तिच्यात शेतकरी नुसता फेटा बांधून फिरतो. झाडं कुठून वाळायला लागली, पाणी कुठं साचलं, हे तो बुडालेल्या बागेत वाकून पाहतो. गाविलगड का पडला, हा प्रश्न पाचवीच्या पोराला विचारा. उत्तर तो जागेवर उभा राहून स्वतः काढेल. दक्षिणेला कडा पाहील, उत्तरेला सपाटी पाहील, आणि त्या हॅलिफॅक्सच्या मुलीसारखा मागे वळून बोट करेल.

शिवाय यात 'आपण' आणि 'ते' इतकं सरळ नाही. तोफा ओढणाऱ्या त्या फौजेत बहुतेक शिपाई याच देशातले, मद्रासकडचे आणि हैदराबादच्या बाजूचे. गडावर राजपूत, गड भोसल्यांचा, मूळ बांधकाम १४२५ च्या सुमाराचं बहमनी सुलतान अहमदशहाचं, पुढे अचलपूरच्या इमादशाहीनं वाढवलेलं. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, त्याच्याखाली पोरांना उभं करा. आणि गडाचं नाव आलं गवळ्यांवरून. ज्यांचा खवा आपण चिखलदऱ्याहून बांधून आणतो, त्या धंद्याच्या लोकांवरून. ही सगळी खिचडी पोरांना तशीच वाढा. निवडत बसू नका.

परत आल्यावर मी नातवाला घेऊन गडावर गेलो. दसरा होऊन गेला होता, सीताफळं पिकायला आली होती, गवत कमरेएवढं. या वेळी त्याला काही सांगितलं नाही. फाटकातून आत शिरताना फक्त विचारलं, "बाप्पा, तू शत्रू असता तर कुठून आला असता?" तो दक्षिणेच्या कड्याकडे पळाला, खाली डोकावला, म्हणाला, "इथून तं कोणी येऊच शकत नाही." मग भिंतीच्या कडेनं चालत राहिला. मी मागे. तासाभरानं आम्ही फिरून पुन्हा चिखलदऱ्याकडच्या सपाटीच्या अंगाला आलो. तो थांबला, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबाजी, शत्रू तं आपल्यासारखाच आला असन. गाडी घेऊन."

त्याला अजून काही समजावायची गरज होती का, सांगा.

नंतर आम्ही दोरीनं भिंत मोजली. एका ठिकाणी दगड निखळला होता, त्याच्या पोटात चुन्याचा थर दिसत होता, पांढरा, दह्यासारखा घट्ट, आणि त्यात एक सरडा बसला होता. नातवानं नखानं चुना खरवडून पाहिला, निघाला नाही. तिथं पडलेल्या तोफेवर कोणीतरी दगडानं बदाम काढून दोन नावं कोरली आहेत. नातवानं ती वाचली आणि विचारलं, "हे कोण होते? लढले होते काय?" मी म्हटलं, नाही, सहलीला आले होते.

आता थोडं कामाचं. नेहमीच्या सूचना तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक, म्हणून अडलेल्या जागाच सांगतो. बस एकच न्या. चार बसा नेल्या की सहल राहत नाही, मोर्चा होतो. एका दिवसात पाच पॉइंट करू नका. गड आणि फक्त गड. सकाळच्या उन्हात चढा, कारण दुपारनंतर धुकं आलं तर सपाटी आणि कडा यातला फरकच दिसत नाही, आणि तोच दाखवायचा आहे. भिंतींवर, बुरुजांच्या कपारीत आग्यामोहोळ असतं. पोरांना अत्तर, सेंट लावून येऊ देऊ नका, आणि फटाके-धूर तर नकोच. तळ्याच्या काठाला मोठी पोरं बाजूनं चालवा. पाणी खालून न्या. जंगल वाघाचं आहे, १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. म्हणून परवानगीचा कागद आधी काढा आणि अंधाराच्या आत उतरा.

आणि वाटाड्या कोरकू घ्या. जवळच्या पाड्यातला एखादा पोरगा किंवा म्हातारा, दिवसाची मजुरी ठरवून, आधीच सांगून. फुकटात "दाखव रे जरा" म्हणू नका. वेलस्लीच्या अहवालात हा डोंगर तोफेच्या वजनानं मोजलेला आहे. कोरकूला तो कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, अस्वल कोणत्या वेळी उतरतं, यावरून माहीत असतो. पोरांना दोन्ही कळू द्या. आमच्या सपाटीवरच्या पोरांनी मेळघाट म्हणजे कुपोषणाची बातमी एवढंच ऐकलेलं असतं. एखाद्या कोरकू माणसाला त्यांनी सर म्हणावं, अशी एक तरी वेळ त्यांच्या शाळेच्या आयुष्यात यावी.

गड सोडायच्या आधी पोरांना एक काम द्या: भगदाड नेमकं कुठं पडलं असेल ते शोधा. चार गट करा, उत्तरेची भिंत वाटून द्या. कोणी म्हणेल इथं दगड नवा वाटतो, कोणी म्हणेल इथं भिंत बुटकी आहे. भांडू द्या. १८५८ साली, तात्या टोपे इकडे सरकतोय म्हणून इंग्रजांनी गडाची उरलीसुरली तटबंदीही मोडली, तेव्हा सगळीच भगदाडं १८०३ ची नाहीत. एखाद्या चलाख पोरीला हे आपोआप सुचलं तर तिला तिथंच बक्षीस द्या.

मुख्याध्यापक विचारतील, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं? त्यांना सांगा, इतिहासात बसतं, भूगोलात पठाराच्या धड्यात बसतं, आणि दोरीनं भिंत मोजली की गणितातही बसतं. पैशाचं म्हणाल तर एसटीची सवलत आहेच, आणि परतवाड्याहून वर घाट चढायला जातो तेवढाच वेळ. सोमवारी बाजारला गेलेला मजूर संध्याकाळी घरी येतो, तशी पोरं दिवेलागणीला घरात. ज्या बापानं शिर्डीसाठी दोन हजार भरायला नाही म्हटलं, त्याचंही पोरगं यंदा बसमध्ये असेल.

तारीख ठरवाल तेव्हा १५ डिसेंबरच्या आसपासची धरा. थंडी तीच असेल, गवताचा रंग तोच, सकाळचं ऊनही त्याच कोनातून भिंतीवर येईल. मला आधी आठ दिवस निरोप द्या. भावाकडे बाग सोपवून मी फाटकाशी येऊन उभा राहीन. बोलणार फार नाही. मोजायला चाळीस हातांची नायलॉनची दोरी आहे माझ्याकडे, ओलिताची, तिला मी हात-हातावर गाठी मारून ठेवल्या आहेत.

आपला,
परतवाड्याजवळचा एक संत्रेवाला

ता. क. अंबिया बहाराची संत्री तेव्हा झाडावर असतात. एका बसला पुरतील एवढी मी आणतो. साली मात्र पोरांनी पिशवीतून खाली न्यायच्या.